ओगराळं वर धरणारी पेत

बाकीचे गाइड छत्री वर धरतात, नाहीतर रंगीत झेंडी. पेत ओगराळं वर धरायची. करवंटीचं, बांबूच्या लांब दांड्याचं. त्याच ओगराळ्यानं तिच्या आईनं जन्मभर होडीतून नूडल्स आणि रस्सा विकला. गर्दीत छत्र्या पुष्कळ असतात. ओगराळं एकच.

तिचं खरं नाव सायपिन. पेत म्हणजे बदक. थोनबुरीच्या कालव्यावर, खांबांवरच्या घरात ती जन्मली आणि चालायच्या आधी पोहायला लागली. मग कोण सायपिन म्हणणार? पुढे रस्ते झाले, गिऱ्हाइकं पाण्याकडे पाठ करून बसली, होडीतला धंदा बुडाला. आई रडली. पेत म्हणाली, "माणसं इथं जेवायला येत नाहीत ना? हात जोडायला येतात. मग विहारांतच नेऊ त्यांना." परीक्षा देऊन परवाना काढला आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना बँकॉक दाखवायला लागली. तीन दिवसांची सहल. पहिल्या दिवशी राजवाडा, दुसऱ्या दिवशी बाजार, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या होडीतून एका दिवसात नऊ विहार.

होडी मी हाकायचो. खांदा निकामी होईपर्यंत हाकली. बरेच गाइड पाहिले. बहुतेक जण बोलायचे. पेत काम करायची. आदल्या दिवशी सगळी वाट स्वतः चालून यायची. प्रत्येक विहारात चपला पायरीवर सोडू द्यायची नाही. एका टोपलीत गोळा करायची आणि ती टोपली स्वतः उचलून मागच्या दाराला नेऊन ठेवायची, कारण माणसं त्या दारानं बाहेर पडणार. टोपली जड असायची. मी कधी तिला ती जमिनीवरून फरफटत नेताना पाहिलं नाही.

मी सांगतोय ती टोळी ईशान्येकडच्या ईसान भागातल्या एका विणकरांच्या गावाची. पावसाळा नुकताच सरला होता, पौर्णिमा जवळ होती, समुद्राची भरती नदीतून थेट कालव्यांत शिरत होती. टोळीत खम्फा नावाची एक आजी होती. वाळलेली, ताठ, सुपारीनं दात काळे. सकाळी होडीत पाय ठेवतानाच तिनं पेतला विचारलं, "पोरी, नऊच्या नऊ होणार ना?"

"होणार, आजी."

"आणि शेवटचा तोच?"

"तोच."

आजीचा मुलगा इथेच बांधकामावर होता. परांचीवरून पडला, उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी काही सांगायचं टाळलं. आजीच्या घरी एका विहाराचं कॅलेंडर होतं, त्यावर तिथली बुद्धमूर्ती. त्या चित्रासमोर ती नवस बोलली. पोरगा आपल्या पायांनी चालत घरी आला, तर एका दिवसात आठ विहार करून नवव्याला तुझ्या पायाशी येईन. पोरगा चालत आला. आता देणं आजीकडे होतं. आठ करून परत गेली असती, तर नवस तसाच राहिला असता, आणि पुढच्या वर्षी इतक्या लांब यायला आपण असू की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

हे सगळं पेतनं पहिल्याच दिवशी बसमध्ये काढून घेतलं होतं. कोण कशाला आलंय हे कळल्याशिवाय ती गाडी हलवायची नाही.

भरतीचा हिशोब तिनं बरोबर केला होता. नवव्या विहाराच्या अलीकडे एक ठेंगणा पूल आहे. पाणी चढायच्या आत त्याखालून जायचं, असं आमचं ठरलं होतं. पण पाचव्या विहारात गावाचे सरपंच प्रसोंग भविष्याच्या काड्यांपाशी बसले. जाड माणूस, मांडी घातली की उठायला दोघं लागायचे. डबा हलवला, काडी पडली, तिच्यावरच्या आकड्याची चिठ्ठी निघाली. हरवलेली वस्तू मिळणार नाही. ठरलेलं काम फिसकटेल. पाण्यापासून जपा.

"ही माझी नव्हे," सरपंच म्हणाले आणि पुन्हा डबा हलवायला लागले.

दुसरी चिठ्ठी त्याहून वाईट. तिसरी पुन्हा पहिलीच.

"सरपंच, उठा," पेत म्हणाली.

"चांगली निघाल्याशिवाय उठणार नाही. गावाला काय तोंड दाखवू?"

"गाव इथंच उभं आहे. तोंड बघतंय तुमचं."

बायका हसल्या, पण सरपंच हलले नाहीत. वाईट चिठ्ठी घेऊन कुणालाच उठवत नाही. मीसुद्धा उठलो नसतो. चांगली चिठ्ठी निघाली तोवर कालव्याच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जात होत्या.

आठवा विहार आटपून पुलाशी आलो. मी इंजिन बंद केलं. पाणी पुलाच्या खांबांवर शेवाळाच्या रेघेपर्यंत चढलेलं. पलीकडे नवव्या विहाराचं छप्पर दिसत होतं. तिथं जाणारा फळ्यांचा रस्ता बुडाला होता. उजेड उतरायला लागला की तिथला पुजारी दार लावतो, आणि पाणी उतरायचं म्हणजे रात्र होणार.

आजी पिशवीतून सोन्याच्या वर्खाचा कागद काढून हातात धरून बसली.

सरपंचांनी घसा साफ केला. "समोर एक विहार आहेच की. तोच नववा धरू. देवाला काय, सगळे सारखेच."

"तुम्हाला चिठ्ठ्या सारख्या वाटल्या का?" आजी म्हणाली.

मी आणि पेतनं होडीचं छत उतरवलं. दांड्या काढून आडव्या टाकल्या. इंजिनाचं धुराडं काढलं, वरचं झाकण काढलं. मग वल्हं पुलाखाली उभं धरून मोजलं. "पुढचं टोक दाबलं की जाईल," मी म्हणालो. "मागचं इंजिन चार बोटं अडेल."

"चार बोटं?"

"चार."

"म्हणजे होडी चार बोटं खाली बसली पाहिजे." तिनं टोळीकडे पाहिलं, मग काठाकडे. पुलाला लागून लमयचं नूडल्सचं दुकान होतं. लमयची आई आणि पेतची आई एकाच धक्क्यावर गिऱ्हाइकासाठी भांडायच्या. लेकींनी ते भांडण जपून ठेवलं होतं.

पेतनं ओगराळं वर केलं. "लमय! बाहेर ये. बहिणींना घे, नवऱ्याला घे. दुकानात जेवढी माणसं आहेत तेवढी घे."

लमय कठड्याशी येऊन उभी राहिली. "का गं? जेवायला घालतेस?"

"होडीत बसायचंय. वजन कमी पडतंय."

"वजन हवंय म्हणून माझी आठवण झाली होय? इतकी वर्षं समोरून जातेस, कधी एक वाटी घेतली नाहीस."

"तुझा रस्सा गोड असतो."

"तुझ्या आईचा खारट असायचा."

"होता खारट. आता येतेस का? ह्या आजीचा नवस आहे, शेवटचा विहार राहिलाय."

लमयनं आजीकडे पाहिलं. आत वळून ओरडली, "अगं, भांडी राहू द्या! या सगळ्या!" बहिणी आल्या, तिघीही भरभक्कम. नवरा आला, दोन गिऱ्हाइकं तोंडातला घास चावत आली. लमय पीठ मळलेल्या हातांनीच उतरली आणि एक तांदळाचं पोतं सोबत घेऊन आली. न सांगता.

होडी खाली बसली. मी बाजूच्या फळीकडे पाहिलं. पाणी वीतभर खाली होतं. "बास. आता एकही नको," मी म्हणालो. "कुणी उभं राहायचं नाही, कुणी काठाला धरायचं नाही. सांगितल्याशिवाय हलायचं नाही."

"आधी सगळे पुढे," पेत म्हणाली. "टोक आत गेलं की आडवं पडायचं, हात वर, पुलाच्या तुळया तळव्यांनी मागे ढकलायच्या. मी ओगराळं वाजवलं की एकेकानं सरपटत मागे यायचं. इंजिनापाशी वजन हवं. सरपंच, सगळ्यात आधी तुम्ही."

"पाण्यापासून जपा असं लिहिलंय मला!"

"शेवटची चिठ्ठी कोणती निघाली होती?"

"...प्रवास सुखाचा."

"मग पडा आडवे."

होडी पुलाखाली शिरली. अंधार, शेवाळाचा वास. सगळ्यांचे तळवे वर. विणकरांचे हात, धोटा फेकून फेकून घट्ट झालेले. त्यांचा जोर मला मागे बसून जाणवत होता. ओगराळं फळीवर वाजलं. सरपंच पाठीवर सरकत सरकत माझ्या पायांशी आले. पुन्हा वाजलं. लमय आली. प्रत्येक माणसागणिक मागची बाजू खाली जात होती. इंजिन पहिल्या तुळईला किंचित घासलं, गंजाचा चुरा माझ्या मानेवर पडला. बाजूच्या फळीवरून पाणी आत यायला लागलं. पेत पोटावर आडवी पडून त्याच ओगराळ्यानं ते उपसत होती आणि उपसता उपसता हाक मारत होती, "पुढचा, आता पुढचा, थांबू नका. आजी, तुम्ही नुसत्या पडून राहा."

"का? मला हात नाहीत?" अंधारातून आवाज आला. आजीचे तळवेही वर होते.

पलीकडे उजेडात निघालो तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे धापा टाकत होते. मी धुराडं बसवलं आणि इंजिन सुरू केलं.

पुजारी दाराशी किल्ल्या घेऊन उभा होता. एवढी ओली, शेवाळानं माखलेली, पिठाच्या हातांची माणसं पाहून तो बाजूला झाला. पेतनं टोपली पुढे केली. चपला पडल्या.

आत मोठी मूर्ती होती, कॅलेंडरवरची. वर्ख लावायला तिच्यापुढे एक लहान मूर्ती ठेवलेली असते. जिथं अंग दुखतं, मूर्तीच्या त्याच जागी वर्ख लावायची आमची रीत. खम्फा आजी गुडघ्यांवर चालत पुढे गेली. हात ओले होते, म्हणून तिनं ते आधी लमयच्या कमरेला खोचलेल्या, त्यातल्या त्यात कोरड्या फडक्याला पुसले. मग कागद उघडला. वर्ख उजव्या गुडघ्याला लावायचा होता. पण त्या लहान मूर्तीचा उजवा हात गुडघ्यावरूनच जमिनीकडे गेलेला. वर्ख लावायला गुडघा मोकळा नव्हता.

आजी जरा थांबली. लमय पुढे वाकली, पेत मागून बघत होती.

"हं," आजी म्हणाली. "ह्यानं गुडघा धरूनच ठेवलाय." आणि तिनं वर्ख त्या हाताच्या बोटांवर चिकटवला, अंगठ्यानं नीट दाबून, कोपरे न उचलता.

पेतनं वाकून नमस्कार केला. उठली, चपलांची टोपली उचलली आणि मागच्या दाराकडे चालायला लागली. पाणी उतरेपर्यंत आम्ही त्या पायऱ्यांवरच बसलो. लमयनं पुजाऱ्याची चूल मागून घेतली, पोतं फोडलं आणि भात टाकला.