नर्सबाईंनी पाहुण्यांना सांगितलं ते

"तोंड पूस नि पानी पी."

आमच्या आळीतल्या नर्सबाईंचं कुठल्याही दुखण्यावरचं पहिलं औषध हेच. पोर पडो, नवराबायकोत वाजो, बाई तांब्या घेऊन दारात हजर. असं हुकूम सोडणारं एखादं माणूस तुमच्याही आळीत असेल.

बाई कळव्याकडच्या, मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या. लवकर विधवा झाल्या, दवाखान्यात कामाला लागल्या आणि तिथेच नर्सिंग शिकल्या. डॉक्टर असो की झाडूवाला, बोलणं एकाच सुरात. मी कल्याणच्या नगरपालिकेत कारकून, थोडंफार इंग्रजी येणारा. मला त्या "अरे शिकलेल्या" म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला कधी कळलं नाही.

लढाईच्या काळात कल्याणबाहेरच्या छावणीत पूर्वेकडून बोटीनं पळून आलेली माणसं ठेवली होती. तिथे पटकीची साथ आली, तेव्हा बाई तिथे कामाला होत्या. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तो विषय निघाला की त्या उठून जात.

पुढे देश स्वतंत्र झाला, छावणीतल्या त्या माणसांचाही झाला. आणि एक दिवस बातमी आली की त्या छोट्या देशाचे राष्ट्राध्यक्ष कल्याणला येणार. तरुणपणी ते त्या छावणीत होते आणि त्यांना या गावाचे आभार मानायचे होते. काळ्या तलावापाशी मांडव पडला. जुनं बंदर, आल्यागेल्याला आसरा देणारं शहर, असं मानपत्र लिहिलं गेलं. भाषणाचा मराठी तर्जुमा करायला मला उभं केलं. छावणीत काम केलेल्या म्हणून बाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं.

पाहुणे हळू आवाजात बोलत होते. "मी आणि आई, दोघंही इथे आजारी पडलो. मी पाणी घेत नव्हतो. एका नर्सनं दुभाष्याकडून सांगितलं, तुझ्या आईला ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय, तिला पलंग मिळालाय, ती पाणी पितेय. म्हणून मी प्यायलो आणि जगलो. मग आम्हा बऱ्या झालेल्यांना दुसरीकडे हलवलं. आई मला परत दिसली नाही. पण तिला शेवटी पलंग आणि औषध मिळालं, याबद्दल मी या शहराचा ऋणी आहे." मग ते थांबले आणि मोडक्या उच्चारात म्हणाले, "पानी पी."

मांडवात टाळ्या झाल्या. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

चहाच्या वेळी पाहुण्यांनी त्यांना ओळखलं आणि वाकून नमस्कार केला. बाईंनी त्यांचे हात धरले.

"अरे शिकलेल्या, याला सांग, मी खोटं बोलले."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"याची आई ठाण्याला गेलीच नाय. पलंग नव्हता. झाडाखाली पेंढ्यावर होती. मी याला सांगायच्या आधीच गेली होती ती. हा पानी पीत नव्हता, म्हनून मी तसं बोलले."

नगराध्यक्ष माझ्या कानाशी आले. "दुसरं काहीतरी सांगा हो. शोभा होईल."

"नीट सांग," बाई म्हणाल्या. "एक शब्द कमी करू नको."

मी सांगितलं. इंग्रजी शब्द तोंडातून कसे निघाले, मला आठवत नाही. पाहुण्यांनी बाईंच्या हातातून आपले हात सोडवून घेतले. मला वाटलं, आता ते गाडीत बसून निघून जातील. मग त्यांनी विचारलं, "तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?"

"मी होते. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

"आणि नंतर?"

"खाडीवर नेली. माझं लुगडं घातलं तिला. चल, दाखवते."

पुढचा कार्यक्रम तसाच राहिला. खाडीच्या काठी चिखल होता, मागे विटांच्या राशी. दाखवण्यासारखं तिथे काही नव्हतं. पाहुण्यांनी बूट काढले. उतारावर त्यांचा पाय घसरला, तेव्हा बाईंनी दंड धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. खाली पोहोचल्यावर ते लहान मुलासारखे रडले. आम्ही सगळे मागे फिरून विटांकडे पाहत राहिलो.

परतताना मी म्हटलं, "बाई, इतकी वर्षं पोटात ठेवलंत. आजच कशाला?"

"तेव्हा त्याला जगवायचा होता," त्या म्हणाल्या. "आज तो आईला भलत्याच गावात शोधत होता."

पुढच्या वर्षी पाहुण्यांच्या देशातून माणसं आली आणि त्या काठावर एक दगड उभा करून गेली. त्यावरची लिपी इथे कुणालाच वाचता येत नाही. बाई भरती नसेल तेव्हा तिथे जायच्या, भोवतालचं गवत उपटायच्या. मग गुडघे गेले आणि त्या कोलशेतला भावाकडे राहायला गेल्या. त्या वारल्याचं आम्हाला फार उशिरा कळलं.

परवा मी खाडीवर गेलो होतो. गवत कमरेएवढं वाढलंय. दगड मला चटकन सापडला नाही.