पिवळ्या शॉकअपवर मिस्त्रींची सही

मिस्त्रींना किळस कशाची येत नाही ते विचारा, यादी लवकर संपेल. सीटखाली चिकटवलेल्या च्युइंगगमची येते. मागच्या चाकाच्या आसाला गुंडाळलेल्या केसांची येते. घामानं बुळबुळीत झालेल्या हँडलच्या रबराची तर इतकी, की ते ओढून काढताना माणूस तोंड फिरवून उभा राहतो. आता असल्या माणसानं सायकली दुरुस्त करायचा धंदा धरावाच कशाला? पण धरला, आणि तीस वर्षं नाक मुरडत मुरडत असा केला, की डोंगरउतारावर सायकल घालणारे सगळे त्यांच्याच दारात. घाण सोसत नाही म्हणून ती त्यांना आधी दिसते, दुसरं काय!

त्यांचा एक हट्ट होता. ब्रेक असो, गिअर असो, नवा माल आला की आधी स्वतःच्या जुन्या सायकलला बसवायचा, आठ दिवस गावामागच्या खाणीच्या उतारावर धोपटायचा आणि मगच विकायला ठेवायचा. पंचावन्न वर्षांचा बाप्या, गुडघ्याला पट्टा, दगडांवरून धडधडत खाली येतोय! बायको म्हणायची, "एक दिवस तुम्हाला पोत्यात भरून आणावं लागेल."

"मी नाही गेलो तर गिऱ्हाईक येईल पोत्यातून," मिस्त्री म्हणायचे.

तर एका सकाळी भाचा आला. मोठ्या बहिणीचा एकुलता एक मुलगा, वय अठ्ठावीस, केस तेल लावल्यासारखे चपटे, शर्टावर कंपनीचं चिन्ह. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागला होता. दोन खोके टेबलावर ठेवून म्हणाला, "मामा, आमचा नवा शॉकअप. दहा मिस्त्रींची सही हवी, की आम्ही चालवून पाहिला, झकास आहे. नऊ झाल्यात. तुझी झाली की मी कायम झालो."

मिस्त्रींनी कागद चिमटीत धरून पाहिला. नऊच्या नऊ सह्या एकाच तारखेच्या. एका दिवसात नऊ दुकानांत शॉकअप बसवला, डोंगरावर चालवला, काढला आणि परत खोक्यात घातला? वा रे पठ्ठे! यातल्या तिघांना तर त्यांनीच पाना धरायला शिकवलं होतं.

"ठेवून जा," ते म्हणाले. "चालवतो आणि सांगतो."

"चालवायची काय गरज आहे, मामा?"

"तू जा."

पुढच्या चाकाला दोन पायांत धरून दगडांचे हादरे झेलणारा तो शॉकअप दिसायला देखणा होता, पिवळाधमक. मिस्त्रींनी जुना उतरवला, हँडलखालची छर्र्यांची वाटी पुसली, ग्रीस भरलं, नवा चढवला, ब्रेक बसवला आणि पुढचं चाक दहादा आपटून पाहिलं. मग गेले खाणीवर. पहिल्या दगडाला ठीक. दुसऱ्याला आतून ठण्ण आवाज आला. तिसऱ्याला शॉकअप दबला आणि असा उसळून वर आला, की हँडल हातातून सुटलं आणि मिस्त्री बाजूच्या मुरमात कोपरावर. थोडक्यात बचावले. उठले, चार शिव्या हासडल्या आणि सायकल हातानं ढकलत परत आले.

दुकानात त्यांनी शॉकअप उघडला. त्याच्या दोन पायांपैकी डाव्यात स्प्रिंग असते, उजव्यात तेल. स्प्रिंगनं उसळायचं आणि तेलानं तिला आवरायचं, असा त्यांचा संसार. उजव्या पायातून निदान वाटीभर तेल निघायला हवं होतं. निघाले चार थेंब, काळे, आणि त्यात लोखंडाचा कीस. वासही कुजका. मिस्त्रींनी नाकाला फडकं लावलं. एखादा नग खराब निघतो म्हणून त्यांनी दुसरा खोका फोडला. तोही तसाच कोरडा.

संध्याकाळी भाचा आला, तेव्हा मिस्त्रींनी ते काळे थेंब ताटलीत घालून पुढे सरकवले. "हे बघ तुझं झकास."

भाच्यानं पाहिलंसुद्धा नाही. "कंपनीला माहीत आहे, मामा. पुढच्या खेपेला सुधारतील."

"आणि या खेपेला जो बसेल, तो?"

"लोक घेतात, पण उतारावर कोण नेतंय? सगळे बागेत फिरवतात."

मिस्त्री उठले आणि साबणानं हात धुवायला लागले.

दुसऱ्या दिवशी पोरगं सरळ आईलाच गाडीत घालून घेऊन आलं. आता आली का पंचाईत! मिस्त्री चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली, तेव्हा या ताईनं त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं होतं. ती आली, मिस्त्रींच्या मागे उभी राहिली आणि खांद्यावर हात ठेवला. "बाळ्या, एवढी सही कर रे. चार नोकऱ्या सुटल्या त्याच्या. ही तरी टिकू दे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं?"

नव्हतंच मागितलं. मिस्त्रींनी पेन घेतलं आणि सही केली. स्वतःचं नाव कागदावर उमटताना पाहून त्यांना असं वाटलं, की हात कोपरापासून कापून टाकावा. शरम, शरम आणि वर पुन्हा शरम.

ताई मात्र फुलली. टेबलावरच्या पिवळ्या शॉकअपवर हात फिरवत म्हणाली, "हाच का तो? छान आहे की." मग दारातून बाहेर बघत राहिली. गाडीच्या मागे भाच्याची स्वतःची सायकल बांधलेली होती. "पण तुझ्या सायकलला तर काळा आहे. तू नाही लावलास?"

भाचा हसला. "अगं आई, मी खरंच डोंगरावर जातो."

बोलून गेला आणि मग जीभ चावली. ताईचा चेहरा हळूहळू उतरला. ती भावाकडे वळली. "यानं माणूस पडतो?"

"काल मीच पडलो." मिस्त्रींनी सोललेलं कोपर दाखवलं.

"आणि तरी सही केलीस?"

"तुझ्यासाठी केली, ताई."

तिनं खांद्यावरचा हात काढून घेतला आणि रुमालाला पुसला. मिस्त्रींचा शर्ट तर धुतलेला, स्वच्छ होता.

त्यांनी कागद ओढला आणि सहीच्या वर ठळक लिहिलं: दोन नग पाहिले, दोन्हींत तेल नाही, मी पडलो, कोणालाही विकू नये.

"मामा, माझी नोकरी!" भाचा ओरडला.

ताईनं कागद उचलला, दोनदा वाचला आणि मुलाच्या हातात कोंबला. "हाच दे तुझ्या साहेबाला. दिलास की घरी ये, जेवायला वाढते. नाही दिलास तर येऊ नकोस."

"बरं, आधी गाडीत तर बस."

"मी चालत जाईन," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

मिस्त्री दुकान उघडंच टाकून तिच्यामागे निघाले. तिनं वळून पाहिलं नाही. पण कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिची पावलं जरा हळू झाली.