सर्वांना कळवण्यात येते की

आमच्या नांदूरघाटात कोण वारलं हे आश्रुबा सांगतो. रिक्षावर भोंगा, हातात माईक, वय बावन्न. बोलायची रीत ठरलेली. "सर्वांना कळवण्यात येते की," एवढं म्हणून थांबायचं. समोरच्या भिंतींवरून आवाज परत येतो, तो विरायच्या आत पुढचं बोललं तर काहीच कळत नाही. पंगतीत मीठ मागतानाही आश्रुबा असाच थांबतो. वाढपी तोवर पुढे गेलेला असतो.

कलीम बागवान त्याच्या उलट. पंचविशीतला, स्टँडजवळ फळांचा गाडा. गिऱ्हाईक 'पपई' म्हणेपर्यंत हा पपई कापून, त्याच्या आईची तब्येत विचारून मोकळा. मोबाइलवर ठेका बनवून त्यावर रॅप करायचा त्याला नाद. ठेका झकास होता, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. खाली ठुमकणारी बेस गिटार, वर टाळ्या. पण कलीम एकटा सुरू झाला की ऐकणाऱ्यालाच धाप लागायची.

एकदा मोबाइलवर ठेका वाजत असताना आश्रुबा गाड्यापाशी केळी घ्यायला थांबला.

"काका, ह्याच्यावर तुमी बोला की."

"काय बोलू?"

"रोज बोलता तेच."

"सर्वांना कळवण्यात येते की," आश्रुबा म्हणाला आणि सवयीने थांबला. तेवढ्यात कलीमने पेरू, पपई, पुढारी, रस्त्यातले खड्डे सगळं कोंबलं. मग आश्रुबा, चेहऱ्यावरची रेघ न हलवता: "आपला माज सकाळी दहा वाजता उतरवण्यात येईल." पुन्हा थांबला. पुन्हा कलीम. दोघांपैकी कोणीही दुसऱ्यासाठी काही बदललं नाही, आणि गाणं जमलं.

कलीमने ते रेकॉर्ड करून मोबाइलवरून पसरवलं आणि महिन्याभरात ते पार तेलगावपर्यंत वाजायला लागलं. मग गावातली केसरबाई वारली. आश्रुबाने चौकात रिक्षा उभी केली, पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबला. पारावरच्या पोरांनी त्या जागेत पेरू-पपई सुरू केली. बाकीच्यांना वाटलं, गाण्याचं शूटिंग आहे. स्मशानात अकरा माणसं आली.

"माझ्या आईचा तमाशा केलास," केसरबाईचा मुलगा सुंदरराव म्हणाला. आश्रुबाला ते फार लागलं. गावात त्याच्या शब्दाला एवढं एकच काम होतं.

"गाणं काढ बे," त्याने कलीमला सांगितलं.

"काढलं, काका. लोकाच्या मोबाइलातून कसं काढू?"

आश्रुबाने भोंग्यावर पोतं टाकलं. पंधरवड्याने कलीम दारात आला. आल्या आल्या तो दोनच शब्द बोलला. "दादी गेली." दादी जैनबबीच्या हातची फळं सगळ्या गावाने खाल्लेली. मशिदीतून सांगून झालं होतं, पण खालच्या आळीपर्यंत तो आवाज पोचत नाही.

"माझ्या सांगण्यावर हसतील बे," आश्रुबा म्हणाला.

"हसू द्या. कळलं पायजे."

चौकात आश्रुबाने पहिलं वाक्य म्हटलं. पोरं सुरू झाली. त्याने माईक बंद केला, खाली उतरला आणि पाराजवळ गेला. "कलीमची दादी गेली. चारला माती हाय." रिक्षात बसलेल्या कलीमकडे पोरांनी पाहिलं आणि माना खाली घातल्या.

आश्रुबा परत रिक्षात चढलाच नाही. त्याने पहिल्या दाराची कडी वाजवली, मग दुसऱ्या. भोंग्याने वीस मिनिटांत होणाऱ्या कामाला अडीच तास लागले. प्रत्येक दारात बाया विचारायच्या, कशानं गेली, जवळ कोण होतं. भोंग्याला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. आश्रुबा सगळ्यांना सांगत राहिला. चौथ्या-पाचव्या दारी त्याचे डोळे भरून आले.

शेवटचं दार सुंदररावचं. तिथे मात्र आश्रुबाचा हात कडीपाशी अडला. सुंदररावनेच दार उघडलं.

"कलीमची दादी गेली," आश्रुबा म्हणाला.

सुंदरराव आत गेला. डोक्याला रुमाल बांधत बाहेर आला आणि पायात चपला सरकवल्या.

"चल," तो म्हणाला, "मातीला उशीर व्हईल."