आत्याने कानात सांगितलेलं नाव

घुगऱ्यांचा वास आला की मला मुलाचं बारसं आठवतं. अठ्ठ्याऐंशी साल, इचोड्यातलं आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर आणि पाळण्याभोवती दाटलेल्या सतरा बाया. नाव आत्याने ठेवायचं, पण माझी थोरली बहीण चुलीजवळून हलेना. लग्नाला अकरा वर्षं होऊन तिला मूल नव्हतं आणि बायांची कुजबुज तिने ऐकली होती. "मी काऊन येऊ? दुसरं कोनी ठेवा नाव," ती म्हणाली. दारात शेजारचे योसेफ मास्तर बसले होते. ते म्हणाले, "बाई, माझं नाव हिब्रू आहे. बायबलातल्या राहेलला लई वर्षं मूल नव्हतं. झालं तेव्हा तिने हे नाव ठेवलं. अर्थ असा, की देव अजून एक देवो. आपल्या युसूफ टेलरचं नावही हेच." ताईला हसू आलं. "अजून एक? मास्तर, पयलं तं येऊ द्या!" तेवढ्यात माझ्या बायकोने बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. "ताई, हे पयलं धरा." ताईने वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, हळूच योसेफ म्हटलं, आणि रीतीप्रमाणे बायांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले, कुजबुजणाऱ्यांचे सगळ्यात जोरात. शाळेच्या दाखल्यावर मुलाचं नाव वेगळं आहे. ताईला पुढेही मूल झालं नाही. पण मुलं किती, असं कोणी विचारलं तर ती आजही एक सांगते, आणि मी तो आकडा कधी दुरुस्त केलेला नाही.