काकाचा तो व्हिडिओ कृपया पुढे पाठवू नका

काका आज सकाळी गेला, आणि माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

हे आज लिहावं की नाही, याचा मी दोन तास विचार केला.
पण फॅमिली ग्रुपवर सकाळपासून त्याचा एकच व्हिडिओ फिरतोय. म्हणून लिहिते.

नागपुरात अनेकांना काका माहीत होता.
एक जगप्रसिद्ध लोक-रॉक गायक आहे ना, गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन नाकात गाणारा, त्याची काका नक्कल करायचा. हँगरची तार वाकवून माउथ ऑर्गन गळ्यात अडकवायचा. नाकाला कपड्यांचा चिमटा.
चाल त्या गायकाची, शब्द आपल्याकडचे.

"कूलरचा पंप बंद, हवा गरम गरम,
सांग ना गा लाइनमन, तुले नाही का शरम?"

लोक खुर्चीवरून पडायचे.

मी शाळेत जायच्या आधी यमक जुळवायला त्याच्याकडून शिकले. चाल कशी पकडायची, श्वास कुठे घ्यायचा, सगळं.
आणि एक नियम.
"घरातल्या मानसावर गाणं केलं, तर त्याले पहिले ऐकवाचं. त्यानं एक कडवं खोडलं, तर गुमान खोडाचं."
मंदा आत्याने तिच्या घोरण्याचं कडवं खोडलं होतं. फार भारी होतं. तरी काकाने ते परत कधीच गायलं नाही.

मी बँकेच्या परीक्षेला गेले, तेव्हा बाबा मला स्कूटरवर सोडायला आले होते. पेपर संपेपर्यंत डबा घेऊन गेटबाहेर थांबले.
आत जागेवर बसले, पहिला प्रश्न चार वेळा वाचला, काही कळेना. मी उठले. मागच्या बाजूच्या पार्किंगमध्ये वेळ संपेपर्यंत बसून राहिले.
मग बाहेर येऊन बाबांना म्हणाले, "चांगला गेला."

हे फक्त काकाला सांगितलं होतं.
"कोणाला सांगू नको."
"मी काहून सांगू वं?"

त्याच वर्षी हिवाळ्यात सावनेरला शेतावर हुरडा पार्टी होती. चाळीसेक माणसं. काकाने नाकाला चिमटा लावला.

"पेपर अंदर, पोरगी पार्किंगात..."

माझं नाव नव्हतं. पण गाण्यात आमची निळी स्कूटर होती. डब्यातली भेंडीसुद्धा होती.
सगळे हसत होते. बाबाही हसत होते. स्कूटर आल्यावर त्यांचा हुरड्याचा हात थांबला.

मी काकाला बाजूला घेतलं. "मला आधी ऐकवलं का नाही?"
"तू खोडलं असतं."
"मग?"
"अवं, मजाक होती. नाव घेतलं का मी तुह्यं?"

परतताना बाबांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी डबा तरी खाल्ला होता ना पोटभर?"

त्यानंतर मी काकाशी बोलले नाही असं नातेवाईक म्हणतात. ते खरं नाही. दिवाळीला नमस्कार केला होता. चहा दिला होता. बोलले मात्र नाही, हे मान्य.

अजून एक मान्य करते. मंदा आत्याच्या कडव्याला मी पोट धरून हसले होते. आणि माझ्यावरचं गाणं काकाचं सगळ्यात चांगलं गाणं आहे. म्हणूनच तुम्ही सगळे तेच पाठवताय.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्याने विचारलं, "अजून राग आहे काय?"
मी म्हणाले, "हो."
तो म्हणाला, "बरं." मग मोसंबं सोलून मागितलं. मी सोललं.
तेव्हा "नाही" म्हणायला हवं होतं का, हे मला कळत नाही.

तर, ती पार्किंगमधली मुलगी मी आहे. आता मीच सांगितलं.
व्हिडिओ थांबवा. बाबांच्या फोनवरही तो आलाय.

काकाला चार वाजता घरून नेणार आहेत. मी येतेय.

काका, माफ केलं असं मला लिहिता येत नाही. तुझ्याइतकं मला कोणी हसवलं नाही, हे लिहिता येतं.
नीट जा.