खिशात घातलेलं पाकीट

मी चौथी शिकलेला माणूस, पण वाचनालयात रोज पेपर वाचतो. खिडकीजवळच्या बाकावर माझ्याशिवाय कुणी बसत नाही. काल तिथं सुमन येऊन बसली. आमच्याच आळीतली. सहा वर्षं तुरुंगात काढून आलेली. आतच बारावी झाली, आता बी.ए.ची परीक्षा देतेय. ती टेकली आणि मी बाकावरचं माझं पाकीट उचलून खिशात घातलं. तिनं ते पाहिलं, आणि पुस्तक उघडलं.

कोर्टानं दिलेली शिक्षा तिनं भोगून संपवली होती. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी ती वाढवून दिली. उभ्या जन्मात मी कुणाची माफी मागितलेली नाही. तेव्हाही जीभ उचलली नाही.

थोड्या वेळानं ती पाणी प्यायला उठली. पुस्तकावर हॉलतिकीट ठेवून म्हणाली, "आजोबा, जरा लक्ष ठेवा हं. परवा पेपर आहे."

टोमणा होता की भरवसा, मला कळेना. वर पंखा भरभर फिरत होता. ती येईपर्यंत मी तो कागद दोन्ही हातांनी दाबून बसलो.

"अहो, एवढं घट्ट?" ती हसली. "ते काय पळून जातंय होय!"

मला मान वर करवेना.