जरासंक सोसा, मग गोडी लागते

करमणुकीसाठीही माणसाला आधी सोसावं लागतं, हे मला माझ्या पोरीनं शिकवलं. तोवर माझी समजूत अशी की सोसायला पिठाची गिरणी आहे, गिऱ्हाईक आहे, ऐन दळणाच्या वेळी जाणारी लाइट आहे. टीव्हीपुढे बसायचं ते या सगळ्यातून सुटायला.

पोरीची बारावी झाली होती. पुण्याला फार्मसीला नंबर लागला होता आणि पोळा झाला की ती जाणार होती. मेडशीत आमचं घर गिरणीच्या मागेच आहे. संध्याकाळी गिरणी बंद करून, अंगावरचं पीठ झटकून मी आत आलो की ती मोबाइल टीव्हीला जोडून तयार बसलेली असायची. जाण्याआधी बाबांना ॲनिमे दाखवायचंच, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मला त्यात काडीचा रस नव्हता. पण पोरगी चालली होती. तिनं दगड दाखवला असता तरी मी तिच्याशेजारी बसून तो बघितला असता.

पहिल्याच दिवशी मी त्याला कार्टून म्हणालो आणि ती रुसली. कार्टून लहान पोरांचं असतं, हे जपानचं ॲनिमे आहे, असं तिनं बजावलं. मग मी निमूट बघू लागलो. एक पांढऱ्या केसांचा पोरगा, त्याचे डोळे पुरीएवढे, तोंड मात्र मोहरीएवढं. त्याच्या गावावर धुक्यातले राक्षस चालून येतात. हा त्यांच्याशी लढायला निघतो, पण लढतच नाही. वार करण्याआधी वाराचं नाव ओरडून सांगतो, मग तो आणि समोरचा राक्षस दोघे थांबून आपापलं लहानपण आठवतात, आणि तलवार म्यानातून निघेपर्यंत भाग संपतो. आमच्या गिरणीत असं कोणी काम केलं असतं तर गाव उपाशी झोपलं असतं. मी तसं बोललोही. ती म्हणाली, "बाबा, जरासंक सोसा. पुढं गोडी लागते."

हे ऐकून माझं डोकं फिरायचं. गोडी लागायची तर पहिल्या घासाला लागावी. पंगतीत कोणी आधी चार बेचव घास वाढतं का? त्यात ती टीव्हीकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघायची. मी हसलो का, डोळा पुसला का, याच्यावर तिचं लक्ष. असं कोणी निरखत असेल तर येणारं हसूसुद्धा येत नाही.

एकदा तिनं मला अंबाडीच्या भाजीवरून पकडलं. लहानपणी मी ती ताटातून बाजूला सारायचो आणि आता भाकरीबरोबर कढईसकट संपवतो, हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं. मग ती गोडी कशी लागली, असं तिनं विचारलं. मी चिडून सांगितलं की ती पोटाची गोष्ट होती. माझ्या आईनं दुसरं काही केलेलंच नसायचं, म्हणून खाल्ली. ॲनिमे न बघितल्यानं वाशिम जिल्ह्यात कोणी उपाशी राहिल्याचं मी ऐकलं नाही. तिनं सरळ पुढचा भाग लावला.

आणखी एक अडचण होती. ते सगळं जपानीत. खाली इंग्रजी अक्षरं यायची आणि मी पहिला शब्द लावेपर्यंत पळून जायची. म्हणून ती मला वाचून सांगायची, तेही आपल्या बोलीत. राक्षसांचा राजा सिंहासनावरून उठायचा आणि आमची पोरगी आवाज जाड करून म्हणायची, "काहून बे, तुले मरायची लय घाई झाली काय?" त्या राजाला मी एकदा मनापासून हसलो. स्वयंपाकघरातून बायकोनं येऊन विचारलं, काय झालं म्हणून.

मग तो भाग आला. पोरगा लढायला गेलेला असतो आणि त्याचा म्हातारा गुरू चुलीवर भात करून दोन वाट्या मांडतो. रात्र होते, भात थंड होतो, म्हातारा जेवत नाही. बाकी काहीच घडत नाही. पोरीनंही काही वाचलं नाही, कारण कोणी बोलतच नव्हतं. मला ते सगळं कळलं. आमच्या घरी घरचं माणूस बाहेर असलं की त्याच्या वाट्याचं झाकून ठेवतात आणि ते आल्याशिवाय कोणी ताटावर बसत नाही. मी तिला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गिरणी जरा लवकर बंद केली. तिच्या भाषेत सांगायचं तर गोडी लागली होती.

चार-पाच भाग उरले असतील तेव्हा पोळा झाला आणि ती पुण्याला गेली.

मी ते ॲनिमे झाकून ठेवलं. दुसरं काही मनातही आलं नाही. एक तर वाचून सांगायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी तिच्या वाट्याचं मी एकट्यानं कसं उरकणार? रोज फोन व्हायचा, पण तो आधी आईकडे. मेसच्या भाजीपासून खोलीतल्या ढेकणांपर्यंत सगळं तिथे बोलून व्हायचं, आणि माझ्या कानाशी येईपर्यंत "बरं हाय का" आणि "बरं हाय" एवढंच शिल्लक राहायचं. त्यात मी राक्षसांच्या राजाचं कुठं काढू? सोयाबीन निघालं, लोक दिवाळीचं दळण घेऊन आले. त्या गडबडीत मी मात्र मनात हिशोब ठेवून होतो की ती दिवाळीला आली की भाऊबीजेपर्यंत आपलं ॲनिमे संपेल.

ती आली. जेवणं झाली. बायकोची मालिका मी मधेच बंद केली, त्यावरून बोलणी खाल्ली आणि पोरीला म्हटलं, लाव.

तिला आधी समजलंच नाही. मग ती म्हणाली, "ते? ते तं मी कवाच पाहून घेतलं, बाबा. रूमवरच्या पोरींसोबत. मले वाटलं तुमाले आवडत नाही."

मला राग आला. खरं सांगायचं तर वाईट वाटलं, पण आमच्यात वाईट वाटलं की आवाज चढतो. आवडत नव्हतं तर इतके दिवस काय मी झक मारत बसलो होतो, असं मी विचारलं. ती गोंधळली. आता ते हिंदीतही आलंय, तुम्हाला एकट्यानंही बघता येईल, असं म्हणून तिनं लगेच लावूनही दिलं आणि मोबाइल घेऊन पलीकडे बसली. राक्षसांचा राजा सिंहासनावरून उठला आणि बातम्या दिल्यासारखा शुद्ध हिंदीत बोलू लागला. एकही शब्द अडला नाही. मी दहा मिनिटं बघितलं आणि बायकोची मालिका परत लावली.

ती जायच्या दिवशी आम्ही दोघं स्टॅन्डवर उभे होतो. गाडी यायची होती. माझा मोबाइल घेऊन ती काहीतरी करत होती. एक नवीन ॲनिमे टाकून दिलंय, हिंदीत आहे, असं तिनं सांगितलं. "सुरुवातीचं बोअर हाय. जरासंक सोसा."

"एकट्यानं नाही सोसणार," मी म्हणालो.

ती पहिल्यांदा मोबाइलमधून डोकं वर काढून माझ्या तोंडाकडे बघायला लागली, पूर्वी बघायची तशी. मी गाडी येते का ते बघत राहिलो.